पाच किलोचं वजन

टेबलावरच्या वजनाला झेंडूचा हार घातला होता, आणि शेजारच्या खुर्चीवर बबनराव घामानं निथळत बसले होते.

लोखंडाचं, षटकोनी, काळं पडलेलं वजन. वर 'पाच किलो' अशी अक्षरं ओतलेली. बबनरावांच्या धान्याच्या दुकानात ते त्यांच्या वडिलांच्या काळापासून होतं. मग दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि जुनी वजनं कोपऱ्यात गेली. त्याच सुमारास नत्थूचा पोरगा अनुप दुकानात आला. "काका, गोळाफेकीच्या सरावाले हे देता का? शाळेत गोळा नाई." बबनरावांनी तिथल्या तिथं वजन उचलून त्याच्या हातात ठेवलं, वर चहाही पाजला. एवढं औदार्य या माणसाच्या अंगी कुठून आलं, याचं घरच्यांनाही नवल वाटलं होतं.

कारण एकट्या बबनरावांना ठाऊक होतं. शेतकऱ्याकडून माल घ्यायचा तो या वजनानं, आणि गिऱ्हाइकाला द्यायचा तो दुसऱ्यानं. या वजनाच्या बुडाशी वडिलांनी जास्तीचं शिसं ओतून घेतलं होतं. बबनरावांनी ते कधी काढलं नाही. पोरगं वजन रानात फेकेल, कधीतरी हरवून बसेल आणि पीडा आपोआप टळेल, असा त्यांचा साधा बेत होता.

पोरानं फेकलं खरं, पण हरवलं नाही. शाळेमागच्या पडीक जागेत तो रोज संध्याकाळी ते फेकत राहिला. कोपरे लागून मान सोलली, तेव्हा फडकं गुंडाळून फेकलं. गावची पोरं आधी हसायला यायची. मग हळूहळू तीही फेकायला लागली. पोरी आल्या, त्यांनी लांब उडीसाठी खड्डा खणला, त्यात धाम नदीची रेती आणून टाकली. मोबाइलमध्ये डोकं घालून पारावर बसणारी पोरं आता अंधार पडेस्तोवर तिथं घाम गाळत होती. आणि परवा वर्ध्याच्या जिल्हा स्पर्धेत अनुप चक्क पहिला आला. म्हणून आज शाळेत सत्कार होता. अनुपचा आणि त्याला वजन देणाऱ्या बबनरावांचा.

अनुप बोलायला उभा राहिला.

"पयले माह्या आजीचे आभार. ऐन कामाच्या दिवसात तिनं मले वावरातून सोडलं. मंग आपल्या शाळेच्या रजत सरांचे. पन सगळ्यात जास्त बबनकाकांचे. वर्ध्याले गोळा हातात घेतला न मले वाटलं, काहीतरी गडबड हाय. एवढा हलका! मी पंचांले म्हनलं, सर, हा पाचचा नसंल. त्यांनी मोजून दाखवला. बरोबर पाच होता."

पोरं खिदळली. बबनरावांनी रुमालानं मान पुसली.

"मंग गावात आल्यावर रजत सरांनी आपलं वजन पोषण आहाराच्या काट्यावर ठेवलं. साडेपाच भरलं! काकांनी मले मुद्दाम जड देल्लं, अन् कधी बोल्ले बी नाई. काका, तुमचे उपकार मी जन्मभर विसरनार नाई." एवढं म्हणून तो वाकला आणि बबनरावांच्या पाया पडला.

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागं मोठी माणसं बसली होती. तिथली टाळी सुरू झाली आणि मध्येच विरली. बबनरावांनी खाली पाहिलं. वाकलेल्या पोराच्या मानेवर घट्टा पडला होता. या आभारांपेक्षा त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर सोसल्या असत्या, असं त्यांना वाटलं.

मागच्या रांगेतून कवडू उठला. त्याचं सारं सोयाबीन वर्षानुवर्षं बबनरावांच्याच दुकानात गेलं होतं.

"सर, किती म्हनलं? साडेपाच?"

रजत सर बाहेरगावचे. त्यांनी हसून मान डोलावली. मागची माणसं टेबलावरच्या वजनाकडे बघू लागली. आता गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, हे बबनरावांना कळून चुकलं.

तेवढ्यात शाल घेऊन तानाबाई उठली. अनुपची आजी. सत्कार तिच्याच हातून व्हायचा असं ठरलं होतं. तिच्या दोन एकरांतली तूरही दर साल याच वजनानं मोजली गेली होती. ती सावकाश पुढं आली. वजनाकडे पाहिलं, मग बबनरावांकडे. बबनरावांची मान आपसूक खाली गेली. तानाबाईनं शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि नीट सारखी केली.

"बबन," ती म्हणाली. एरवी ती त्यांना बबनभाऊ म्हणायची. "बाकीच्या लेकराईले बी गोळे पायजेत. तू आनून देजो. इथंच, सगळ्याईसमोर मोजून घेऊ."

"आनतो, माय. उद्याच आनतो." बबनराव म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांना कुणाचे इतके आभार मानावेसे वाटले नव्हते.

कवडू मात्र खाली बसायला तयार नव्हता.

"अन् आपल्या मालाचं काय, मावशे? इतक्या वर्साची तुही तूर गेली, थिचं काय?"

तानाबाईनं शेजारी उभ्या असलेल्या नातवाच्या दंडावर हात ठेवला.

"कुठं गेली?" ती म्हणाली. "हे काय, उभी हाय आपली तूर."