पांढरा प्लग

डर्ट बाइकच्या शर्यतीत पडून सासऱ्यांचा पाय मोडला. गॅरेज चालवणाऱ्या सुनेने बाइक दुरुस्त करून नवा स्पार्क प्लग बसवला, आणि सासूबाईंनी बाइकला कुलूप ठोकून किल्ली स्वतःकडे ठेवली.

महिन्याने प्लास्टर निघालं, तेव्हा सुनेने प्लग काढून बघितला. टू-स्ट्रोक बाइक रमतगमत चालवली तर प्लग काळा पडतो. हा भाजून पांढराफटक झाला होता, टोकही झिजलेलं, म्हणजे बाइक सुसाट पळवलेली.

"बाबा, चांगल्या पायाने किक मारलीत ना?"

"अगं, शपथ! हातसुद्धा लावला नाही."

सासूबाईंनी तिच्या हातातला प्लग घेतला आणि उजेडात फिरवून बघितला.



"तरीच चढावर एवढी तापते. मला तो शर्यतवाला थंड प्लग घालून दे बरं."