उघडणारी, एक

खिडक्यांचा मिस्त्री वेल्को तिसऱ्यांदा आला तेव्हा स्वयंपाकघरात धुराने माणूस माणसाला दिसत नव्हता. हिवाळ्याच्या चटणीसाठी दोन पोती लाल ढोबळ्या मिरच्या भाजायच्या होत्या. बाहेर कोशावा हा बोचरा थंड वारा सुटलेला, म्हणून अंगणातलं काम आतल्या चुलीवर आलेलं. आणि खिडकी बंद. नुसती बंद नव्हे, फटींत कापूस कोंबून वर घोंगडीची वळकटी लावलेली.

"दार लाव आधी!" सासूबाई स्मिल्याना ओरडल्या. "आरपार वारा लागेल सगळ्यांना!"

आरपार वाऱ्याने काय काय होतं, याची सासूबाईंकडे यादीच होती. सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं ते वाऱ्याने. शेजारणीची किडनी गेली ती वाऱ्याने. भाच्याचं लग्न मोडलं तेही बहुधा वाऱ्यानेच. सून स्लाविका सकाळी न्हाली होती, म्हणून तिच्या डोक्याला टॉवेल करकचून गुंडाळलेला. ओले केस आणि वारा! या घरात एकवेळ विष परवडलं असतं.

वेल्कोने खोकत खोकत दार लावलं आणि पिशवीतला नमुना टेबलावर ठेवला. प्लास्टिकच्या चौकटीचा एक कोपरा, आत तीन काचा.

"आज काय ते ठरवाच बुवा. आता ऑर्डर गेली नाही तर बर्फात भिंत फोडावी लागेल."

"बाकीच्या खोल्यांचं ठरलंय," स्लाविकाचा नवरा नेबोयशा हातातला माहितीचा कागद चाळत म्हणाला. "राहिलं फक्त स्वयंपाकघर."

राहिलं फक्त स्वयंपाकघर! सहा आठवडे फक्त तेवढंच राहिलं होतं.

"सगळ्यात जास्त ऊब कुठली धरते, ते सांग," सासूबाई म्हणाल्या.

"खरं सांगायचं तर न उघडणारी. एकसंध काच. फटच नाही तर ऊब जाणार कुठून? पण काकू, स्वयंपाकघराला तशी कोणी लावत नाही. वाफ कोंडते, भिंती काळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं उघडायलाच हवी."

"वा रे शहाण्या! म्हणजे वारा अडवायला खिडकी घ्यायची आणि मग आपल्याच हाताने तो आत घ्यायचा? मला काय खुळी समजलास? न उघडणारीच लिही."

स्लाविका भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती. बोटं पोळून लाल झाली होती.

"आई, दिवसभर मी असते इथे. डोळ्यांचं पाणी थांबत नाही माझ्या."

"ते मिरच्यांमुळे गं."

"अकरा वर्षं मिरच्यांमुळेच का?"

सासूबाईंनी चुलीत लाकूड सरकवलं. स्लाविका नवऱ्याकडे वळली.

"नेबोयशा, तू तरी बोल."

नेबोयशा या नावाचा अर्थच न भिणारा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! त्याने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सरपणाचा विचार केला तर आईचं चूक नाही. इथेही तसंच लिहिलंय."

"बायकोचं काय लिहिलंय तिथे?"

तो हसला. त्याला ती गंमत वाटली. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि तो वेल्कोच्या ऑर्डरच्या कागदावर सहीची जागा शोधू लागला. स्लाविकाला इतका संताप आला की हातातली मिरची चिरडली गेली. आईवर नाही, तिचा मेलीचा स्वभावच तसा. या हसण्यावर.

"लिहू मग?" वेल्कोने विचारलं. "स्वयंपाकघर. न उघडणारी, एक."

"थांबा मिस्त्री." स्लाविकाने सुरी खाली ठेवली. "उघडणारी लिहा."

"लिहितो की. रुंदी किती ठेवू?"

"मी बाहेर पडेन एवढी."

वेल्को साधा माणूस. तीस वर्षं लोकांनी सांगितलेली मापं त्याने निमूट घेतली होती. टेप काढून तो तिच्या मागे उभा राहिला आणि त्याने तो एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ताणून पाहिला.

"चव्वेचाळीस सेंटिमीटर," तो म्हणाला. "अंगात कोट असला तर पन्नास धरायला हवेत."

"धरा पन्नास."

नेबोयशाचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. तव्यावरच्या मिरच्या करपायला लागल्या होत्या, पण त्या उलटायला कोणी उठलं नाही.

"अशी?" सासूबाई म्हणाल्या. "ओल्या केसांनी जाणार?"

स्लाविकाने डोक्याचा टॉवेल सोडला. केस केव्हाच वाळले होते.