किल्ली फ्रिजमध्ये

खिडकीवर खिळ्यांनी ठोकलेली दुलई.

औषधाची इवलीशी बाटली. तारीख कधीच उलटून गेलेली.

लोण्याच्या डब्याशेजारी कोणाच्या तरी घराची किल्ली, गार पडलेली.

"जहाज सुटलं तेव्हा धक्क्यावर कोणीच नव्हतं." पुरुषाचा आवाज.

"जहाज सुटलं तेव्हा धक्क्यावर कोणीच नव्हतं." बाईचा.

"हे कोणी केलं?" गुरुजींनी कानांवरचे हेडफोन खाली ओढले.

गुरुजींच्या घरातली ही मधली खोली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी इथं पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून ठेवतात. वाचणारे आपापली कामं सांभाळून येतात. पगार कोणालाच नाही, रुसायचा हक्क मात्र सगळ्यांना. भिंतीपलीकडे फ्रिज आहे. वाचायला बसण्याआधी त्याचा प्लग काढायचा आणि आपल्या घराची किल्ली आत ठेवायची, अशी इथली रीत. प्लग लावायचं विसरून कोणी घरी निघालाच, तर किल्लीसाठी त्याला माघारी यावं लागतं. गुरुजींनी किल्ली कधी ठेवली नाही. त्यांना कुठं जायचं असतं? घर त्यांचंच.

"मी केलं," ताई म्हणाल्या. त्या कपडे शिवतात. बाहीला अजून दोन टाचण्या तशाच होत्या. "तुमचं वाचन पुसलं नाही. बाजूला ठेवलंय."

"दर पुस्तकाचं पहिलं प्रकरण मी वाचतो."

"वाचता ना. पण नियमही तुमचाच आहे, गुरुजी. ज्याच्या कानाला चूक लागेल त्यानं ती सुधारावी, विचारत बसू नये."

"चूक? माझ्या वाचनात?"

"वाचनात नाही. वाचनाच्या मागं."

स्टुलावर बसलेला औषधवाला दुकान बंद करून आला होता. तो हसायला गेला. "राजा मेला तिथं मी शिंकलो होतो, आठवतं? तुम्ही मला अख्खा राजा परत मारायला लावलात." कोणी हसलं नाही.

"पुन्हा लावा," गुरुजी म्हणाले.

जहाज सुटलं. धक्क्यावर कोणी नव्हतं. पुन्हा सुटलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. वर्गात कोण कुजबुजतंय ते फळ्याकडे तोंड करून ओळखणारा हा माणूस. इथलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या कानांखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे.

"काय आहे मागं?"

"सूं असा बारीक आवाज. शेवटपर्यंत आहे," ताई म्हणाल्या. "फ्रिज चालू राहिला होता."

"मला नाही ऐकू येत. उगाच काहीतरी."

ताई उठल्या. भिंतीपलीकडे गेल्या. प्लग निघाला.

खोलीत एकदम शांत झालं. औषधवाल्याचे खांदे त्याच्या नकळत खाली आले. इतका वेळ हा आवाज होता, हे त्यालाही तो थांबल्यावरच कळलं.

ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता?"

"आता काय?" गुरुजींनी विचारलं.

औषधवाला आपल्या चपलेचा अंगठा बघत बसला.

गुरुजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. मग दोघांकडेही पाहायचं टाळलं. त्यांचा हात टेबलावरच्या पुस्तकांवरून फिरला, वाचून झालेल्या, त्यांनी पास केलेल्या.

"कधीपासून?"

"हल्लीच असेल हो," औषधवाला म्हणाला.

"हल्ली म्हणजे कधी?"

हे कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुजींनी हेडफोन काढून ताईंपुढे धरले. "घ्या. आता पास-नापास तुम्ही करा."

ताईंनी हात मागं घेतला. "मी नाही. उद्या माझेही कान जातील. मशीनपाशी बसून निम्मे गेलेतच. एकानं ऐकायचं, मग दुसऱ्यानं ऐकायचं. आणि माझं वाचन मी नाही पास करणार."

"म्हणजे वाली कोणीच नाही?"

"आहोत की सगळे."

"सगळे म्हणजे कोणीच नाही. शाळेत आयुष्य गेलं माझं, मला शिकवता?"

"नाही शिकवत." ताईंचा आवाज चढला नाही. "पण हे चुकलेलं प्रकरण तसंच बाहेर गेलं असतं, गुरुजी. तुम्ही पास केलं होतं."

गुरुजींनी मान हलवली, होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही. मग त्यांनी पुस्तक उघडलं, पानं चाळली.

"सातवं प्रकरण कोणाकडे आहे?"

"अजून कोणीच घेतलेलं नाही."

"मग मी बसतो."

"बसा ना. किल्ली, गुरुजी," औषधवाला सवयीनं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. ताईंनी त्याच्याकडे डोळे वटारले.

"बरोबर आहे त्याचं," गुरुजी म्हणाले.

ते दाराशी गेले. चौकटीवरच्या खिळ्याला त्यांच्या घराची किल्ली लटकलेली होती. ती त्यांनी काढली आणि त्याच खिळ्याला हेडफोन अडकवले. येताजाता कोणाचाही हात पोचेल असे. मग भिंतीपलीकडे जाऊन फ्रिज उघडला. आत अंधार होता. औषधाची बाटली त्यांनी बोटानं जरा बाजूला सारली आणि तिच्याशेजारी किल्ली ठेवली.

तो फ्रिज घेतला होता त्यांच्या बायकोसाठी. तिच्या डोळ्यांत घालायचे थेंब थंड ठेवावे लागत.