चांदीचं वासरू

गाई अंडी घालू लागल्यापासून सुमतीकाकूंची वसुबारस अवघड झाली होती. पूजेला गाय-वासरू एकत्र हवं, आणि वासरं तर यंत्राच्या उबेत जन्मायची. मातीची जोडी पुजून काकूंचं मन भरेना. यंदा त्या उपाशीपोटी थेट गोठ्यावर आल्या.

"वासरू आणतो काकू, पण ही चांदी गाय लाथ मारेल," गोठ्यावरचा भिवा म्हणाला. "तिला वाटतं, हे कुणाचं पोर!"

"मग तिचं अंडंच आण. तिच्यासमोर फुटू दे."

"मालक माझं डोकं फोडतील!" असं कुरकुरत का होईना, त्यानं यंत्रातलं तिचं तडकलेलं अंडं आणून गवतावर ठेवलं. काकू निरांजन लावून बसल्या.

कवच फुटलं. ओलं वासरू बाहेर घरंगळलं. चांदीनं पाय उचलला, मग वाकून हुंगलं, आणि पाय हळूच खाली ठेवून ती त्याला चाटू लागली.

थोड्या वेळानं तिच्या सडांतून दूध ठिबकू लागलं. इंजेक्शनाशिवाय पान्हा फुटलेला भिवानं कधी पाहिला नव्हता. तो बादली आणायला धावला.

"राहू दे रे," काकू म्हणाल्या. "आजचं दूध आपलं नसतं."

वासरू लुचू लागलं, तेव्हा त्यांनी दोघांना कुंकू लावलं.