गरम तर येतंय!

या गाडीत हुकूम तुमचाच चालतो बाबा, म्हणून गुन्हाही तुमचाच.

हीटर शेजारच्या सीटवर गार वारा फेकतो, हे आई दर हिवाळ्यात सांगत आली. तुम्ही स्टिअरिंगवरचा एक हात आपल्यापुढच्या हवेच्या झडपेसमोर धरायचात आणि म्हणायचात, "गरम तर येतंय! तुझंच रक्त गार." ती मागे बसते म्हणाली, तर "मी काय तुझा ड्रायव्हर आहे?" शेवटी तिला डॉक्टरकडे नेलंत. तेव्हापासून ती तुमच्या शेजारी शाल गुंडाळून बसते आणि ब्र न काढता रक्तवाढीच्या गोळ्या गिळते.

परवा तुमचा हात प्लास्टरमध्ये गेला. आज गाडी मी चालवली, आई मागे बसली आणि तुम्ही तिच्या जागी. पहिला चौक ओलांडायच्या आत ओरडलात, "अगं, हा तर बर्फ ओकतोय! आधी गॅरेजला घे."

मेकॅनिकने दोन्ही बाजूंच्या झडपांसमोर हात धरून पाहिला. "काका, गरम हवा नुसती ड्रायव्हरलाच मिळतेय. शेजारच्याला गारच. कधीपासून आहे हे?"

"आजच बिघडलाय," तुम्ही बेधडक म्हणालात.

मागच्या सीटवर आईने पर्स उघडली आणि पाण्याची बाटली काढली. तिच्या गोळीची वेळ झाली होती.



बोला बाबा, ती गोळी आता कुणी घ्यायची?