टाळी

धरणाच्या फुगवट्यावरच्या चिखलात रोहित पक्षी चरत होते. काठावर बसलेल्या विद्याधरनं आपली तोफेसारखी लेन्स एका चोचीवर रोखली. मागच्या टेकाडावरून शरयू पाणी, डोंगर, पक्षी सगळंच एका चौकटीत बसवत होती. कॅमेरा धरायला शिकली ती त्याच्याकडे, आणि बक्षिसं मात्र तिलाच!

त्याच्या पोटात दुखायला लागलं. तिचा फोटो बिघडावा म्हणून त्यानं उभं राहून खणखणीत टाळी वाजवली. अख्खा थवा उडाला.

प्रदर्शनात तोच फोटो पहिला आला. आभाळभर गुलाबी पंख, आणि खाली कोपऱ्यात टाळी वाजवणारा इवलासा माणूस.

"मला कापून टाकायचंस ना," तो पुटपुटला.

"टाकणार होते, सर. पण मग पक्षी कशानं उडाले, ते कुणाला कळलं असतं?"