पहिली खेप

चंद्रभान बंगळूरहून सुट्टीला आला तो थकूनच. कॉम्प्युटरवर चित्रं उमटवणाऱ्या चिपवरची रेघ किती बारीक धरायची, यावर कंपनीत महिनाभर वाद चालला होता.

"मंग काय ठरलं?" ज्वारी निसता निसता मायनं विचारलं.

"जुनीच जाडी ठिवली. रेघ लय बारीक केली की पयली खेप वायाच जाती. तिच्यावर हात बसतो, मंग पुढचा माल चांगला निघतो."

"आन् पयल्या खेपेचं काय करतेत?"

"फेकून देतेत."

शेजारी थोरली बहीण दैवशाला बसली होती, ऊसतोडीहून कालच आलेली. तिचं लग्न तेराव्या वर्षीच उरकलं होतं. तिचे हाल बघूनच धाकट्या दोघींना शाळेत ठेवलं. सुपातला खडा वेचत ती म्हणाली, "तुमचा हात माझ्यावरच बसला न्हवं, माय?"